बोलावण्याची वही

वही साधीच आहे. लाल कापडी पुठ्ठ्याची, उभी, दुकानात उधारी मांडायला ठेवतात तसली. आजोबांच्या सुताच्या दुकानातूनच ती आली होती. पहिल्या पानावर 'श्री', त्याखाली 'चैत्रगौर, शके १८७२', आणि लगेच, कुणाचंही नाव यायच्या आत, 'हरभरे २ पायल्या'. आजीचं हळदीकुंकू देवीपासून सुरू व्हायचं नाही, हरभऱ्यांपासून व्हायचं. गौर किती का नटवा, हरभरे आदल्या दिवशी भिजले नाहीत तर बायकांच्या ओटीत काय घालणार? असा तिचा रोकडा सवाल होता. हरभऱ्यांच्या खाली डाळ, कैऱ्या, गूळ, कलिंगडं, वाळा, मोगऱ्याचे गजरे. आणि पान उलटलं की नावं.

नावं म्हणजे तरी काय? 'विहिरीवरच्या काकू व दोन सुना'. 'माडीवरच्या वहिनी'. 'डाक्तरीणबाई'. 'कासार आळी, कोपऱ्यावरचं घर, सासू येत नाही, सून येते'. एकाही बाईचं स्वतःचं नाव त्या वहीत नाही. घर आणि नातं सांगितलं की बाई कळायची. घरांचा क्रम मात्र पक्का होता. आमच्या ब्राह्मण आळीतली घरं आधी, एका हाताची संपली की दुसऱ्या हाताची, मग कासार आळी, मग बाजारपेठ, तीन बत्ती, मंडई. म्हणजे ज्या क्रमाने पोरी बोलावणं करत जातील तोच क्रम. पुढे मी भिवंडीचे बरेच नकाशे पाहिले, नगरपालिकेचे आणि गोदामवाल्यांचे. पण ते जुनं गाव मला अजूनही या वहीतूनच पायी फिरता येतं.

बोलावणं करणं हे आम्हा मुलींचं काम. तेल लावून चापूनचोपून वेण्या, धुतलेला फ्रॉक, आणि तोंडात पाठ केलेलं वाक्य: 'आज संध्याकाळी आमच्याकडे चैत्रगौरीचं हळदीकुंकू आहे. आजीनं बोलावलंय. सुनांना, मुलींना घेऊन या.' ओट्यावरूनच सांगायचं, आत जाऊन खायला मागायचं नाही, आणि एकही घर गाळायचं नाही. घर गाळलं तर ते वर्षभर ऐकून घ्यावं लागे. परत आलं की आजी वही काढायची आणि प्रत्येक नावापुढे पेन्सिलीने एक बारीक टिकली द्यायची. म्हणजे निरोप पोचला. संध्याकाळी ती बाई येऊन ओटी घेऊन गेली की दुसरी टिकली. आज फोनवर निरोपाखाली दोन खुणा उमटतात तेव्हा मला हसू येतं. आमच्या घरी ही सोय शके १८७२ पासून होती.

चैत्र शुद्ध तृतीयेला गौर बसायची. देव्हाऱ्यातली पितळी अन्नपूर्णा चिंचेने लख्ख घासून छोट्या पाळण्यात ठेवायची, आणि अक्षय्यतृतीयेपर्यंत महिनाभर ती तिथेच झुलायची. येताजाता जो तो पाळण्याला एक बोट लावायचा. आजी म्हणायची, माहेरी आलीय, तिला काम सांगू नका. शास्त्रात याला आंदोलनव्रत म्हटलं आहे. काशीनाथशास्त्री उपाध्यायांनी १७९० मध्ये 'धर्मसिंधू' लिहिला, त्यातही ते आहे. आंदोलन म्हणजे झुलवणं. आम्ही भिवंडीकरांनी ज्याला आंदोलन म्हणताना ऐकलं ते वेगळंच. बोनससाठी मागवाल्यांचा मोर्चा, पाण्यासाठी हंडे, विजेसाठी रास्ता रोको. आजीला एकदा मी हा शब्द समजावून सांगितला तर ती म्हणाली, 'मग तेही बरोबरच की. हलवल्याशिवाय काही होत नाही.'

आजी अंजूरची. भिवंडी तालुक्यातलंच खाडीकडचं गाव. गंगाजी नाईक अंजूरकरांचं. पोर्तुगीजांचा जाच पेशव्यांच्या कानावर घालून वसईच्या मोहिमेसाठी ज्यांनी खटपट केली, त्यातले हे मोठे नाव. आजी ही हकीकत काल घडल्यासारखी सांगायची, आणि सांगताना नाईकांच्या घरातल्या बायका काय करत असतील याची स्वतःची भर घालायची. गंगाजी पुण्याला गेले तेव्हा घरी चैत्रगौर कुणी बसवली असेल, असा प्रश्न तिला पडायचा. इतिहासाच्या कुठल्याही पुस्तकाला तो पडलेला नाही. वसई १७३९ च्या मे महिन्यात पडली. चिमाजी आप्पांनी नवस फेडायला वज्रेश्वरीचं देऊळ बांधवलं. ते वज्रेश्वरी आमच्याच तालुक्यात. देवीची जत्रा चैत्री अमावास्येला भरते. म्हणजे जत्रा झाली की तीन दिवसांत अक्षय्यतृतीया, म्हणजे गौर चालली. आजीच्या हिशेबात चैत्राचा महिना असा दोन बायकांनी वाटून घेतलेला होता. एक डोंगरपायथ्याशी किल्ल्यासारख्या तटात बसलेली, हातात शस्त्र घेतलेली, आणि एक आमच्या माजघरात पाळण्यात, हातात पळी घेतलेली.

वाटणीत अजून दोघी होत्या, त्या मला नंतर कळल्या. बाजारपेठेत मारवाडी कापडवाल्यांची घरं होती. त्यांची गणगौर होळीनंतर दुसऱ्या दिवसापासून बसते आणि चैत्र शुद्ध तृतीयेला तिची पाठवणी होते. म्हणजे त्यांची गौर ज्या दिवशी सासरी निघते, नेमकी त्याच दिवशी आमची माहेरी येते. आजीचं म्हणणं, 'तीच गं ती. एका माहेराहून उठते नि दुसऱ्याला येते. नवऱ्याला सांगते गाडी चुकली.' आणि दुसरी आमच्या कैरीवालीची. ती आगरी, कामवारी नदीपलीकडच्या एका पाड्यातून डोक्यावर पाटी घेऊन यायची. चैत्रात आगरी-कोळी मंडळी कार्ल्याला एकवीरेच्या यात्रेला जातात. त्या दिवसांत ती यायची नाही, आणि आली की आजीला सुनवायची, 'तुमची गौर घरान येऊन बसते. आमची आय डोंगरावर, आमालाच जावा लागते.' वहीत तिची नोंद आहे, दरवर्षी. 'कैरीवाली: कैऱ्या ५०, पन्हे देणे.' बोलावण्याच्या यादीत ती नाही, सामानाच्या यादीत आहे. पन्हं ती ओट्याच्या खालच्या पायरीवर बसून, तिच्यासाठी वेगळ्या ठेवलेल्या पेल्यातून प्यायची. मला तेव्हा त्यात काही खटकलं नाही. खटकायला मला चाळिशी यावी लागली, हे लिहून ठेवलेलं बरं.

हळदीकुंकवाच्या दिवशी पहाटे अंगणात चैत्रांगण. सडा घालून, गेरूने चौक करून, त्यावर रांगोळीने आजी ते काढायची. मधे मखरात दोन गौरी, वर सूर्य-चंद्र, भोवती शंख, चक्र, गदा, पद्म, गोपद्मं, कासव, नाग, हत्तीवरची अंबारी, तुळशीवृंदावन, फणी-करंडा, आरसा, मंगळसूत्र, गौरीची पावलं. चिमटीतून रांगोळी अशी सुटायची की रेघ कुठे जाड नाही, कुठे तुटत नाही. मी मोजायला बसायची, आणि दरवर्षी माझ्या मोजणीत एकावन्नापेक्षा एक चिन्ह जास्त भरायचं. खालच्या कोपऱ्यात, गाय-वासराच्या शेजारी, होडीसारखं काहीतरी. दोन्ही टोकांना निमुळतं, पोटात पोकळ. एकदा विचारलं तर म्हणाली, 'धोटा आहे तो. मागाचा. शास्त्रात नाहीये, पण आपलं घर त्याच्यावर चालतं ना? मग अंगणात नको?'

चालत होतंच. आजोबा सूत विकायचे. गिऱ्हाईक बहुतेक निजामपुऱ्याकडचे मोमीन विणकर. १८५७ च्या बंडानंतर उत्तरेतून जी विणकरांची घराणी इकडे आली, त्यांचे हे वंशज. आधी हातमाग, नंतर यंत्रमाग. आजीच्या तरुणपणी भिवंडीची हातमागाची लुगडी आसपासच्या गावांतून नेसली जायची, आणि हळदीकुंकवाला येणाऱ्या निम्म्या बायकांच्या अंगावर तीच असायची. सूत आमच्या दुकानातून निजामपुऱ्यात जायचं आणि लुगडं होऊन संध्याकाळी आमच्या दारात यायचं. मागांचा खटाखट आवाज तर चोवीस तास. हळदीकुंकवाच्या घोळक्यातसुद्धा तो भिंतीतून ऐकू यायचा. भिवंडीच्या बायका मोठ्यांदा बोलतात अशी आमची ठाण्या-पुण्याकडे कीर्ती आहे. दोष आमचा नाही. त्या आवाजावर आवाज चढवल्याशिवाय कुणाला पन्हं हवंय आणि कुणाला नको तेही कळत नसे.

आता वहीची खरी गंमत. ती दोन्हीकडून लिहिलेली आहे. एका बाजूने उघडली की आजीचं हळदीकुंकू. उलटी करून दुसऱ्या बाजूने उघडली की आजोबांची किरकोळ उधारी. कुणी किती सूत नेलं, किती जमा, किती बाकी. कागद वाया घालवायचा नाही, एवढाच हेतू. त्यामुळे एकीकडून बायकांची नावं सरकत येतात, दुसरीकडून विणकरांची, आणि मधे कोरी पानं दरवर्षी कमी होत जातात.

आजीच्या बाजूला एक पान आहे. 'शके १८९२, साधारणनाम संवत्सर, वैशाख शु. ३, शुक्रवार.' म्हणजे ८ मे १९७०. अक्षय्यतृतीया. आमचं हळदीकुंकू नेहमी त्याच दिवशी, शेवटचं. आळीतल्या बाकीच्या घरांनी महिनाभरातले मंगळवार-शुक्रवार वाटून घेतलेले असायचे, आणि गौरीला निरोप द्यायचा मान आमचा. त्या वर्षी तर तृतीयाच शुक्रवारी आलेली. मी आठ वर्षांची. बोलावणं आम्ही आदल्या दिवशी सकाळीच उरकलं, कारण आदल्या दिवशी, वैशाख शुद्ध द्वितीयेला, शिवजयंतीची मिरवणूक होती. तेव्हा ती तिथीनेच व्हायची. दुपारनंतर रस्त्यात गर्दी होणार म्हणून आजीने आम्हाला लवकर पिटाळलं. एकसष्ट घरं. एकसष्ट टिकल्या. दुपारी तांब्याच्या घंगाळात हरभरे भिजत पडले.

संध्याकाळी काय झालं ते मी पाहिलेलं नाही. आम्हाला माडीवर कोंडलं होतं. धूर दिसला, आरडाओरडा ऐकू आला, आणि मग पायऱ्यांवरून धावत येणाऱ्या आजोबांचे अनवाणी पाय. त्यांच्या वहाणा कुठे गेल्या हे त्यांनी पुढे कधीच सांगितलं नाही. रात्री संचारबंदी लागली. भिवंडीबरोबर जळगाव आणि महाडही पेटलं. न्यायमूर्ती मादन यांच्या आयोगाने पुढे तिन्ही ठिकाणची चौकशी केली आणि मोठा अहवाल लिहिला. त्यात काय आहे ते ज्याला हवं त्याने वाचावं. कोण चुकलं, कुणी आधी दगड उचलला, ही भांडणं मी आयुष्यभर दोन्ही बाजूंनी ऐकली आहेत आणि ती इथे मांडायची माझी तयारी नाही. मला त्या रात्रीचा जो आठवतो तो आवाज. किंवा आवाज नसणं. माग बंद होते. जन्मल्यापासून पहिल्यांदा भिवंडी गप्प होती. त्या शांततेत स्वयंपाकघरातून बारीक चुरचुर ऐकू येत होती आणि मी घाबरून आजीला बिलगले, तर ती म्हणाली, 'काही नाही गं. हरभरे फुगतायत.'

दुसऱ्या दिवशी ते घंगाळाच्या काठापर्यंत आले. कुणी येणार नव्हतं. आजीने तरी गौरीपुढे आरास मांडली. पायऱ्यांवर धुतलेलं पांढरं लुगडं, चकल्या-लाडूंची ताटं, कलिंगडाचं कातरून केलेलं कमळ. फुलं नव्हती. माळीण आली नव्हती. आंबेडाळ केली ती मूठभर, घरच्यांपुरती. पण दोन पायल्या हरभऱ्यांचं काय करायचं? आमच्या आळीत घरांच्या मागे परसदारं आहेत, एकाला एक लागून, मधे छातीइतकी भिंत. समोरच्या रस्त्यावर पोलीस. मागे कुणी नाही. आजी हळदीकुंकवाचा करंडा कनवटीला लावून परसात गेली आणि भिंतीवरून शेजारच्या काकूंना हाक मारली. भिंतीच्या अलीकडून तिने पलीकडे कुंकू लावलं, आणि ओंजळीने हरभरे त्यांच्या पदरात टाकले. काकूंनी त्यातले निम्मे पलीकडच्या भिंतीवरून पुढे दिले. असे ते हरभरे सात-आठ घरं गेले. मग आळीचा बोळ आडवा आला आणि हरभरे थांबले. उरलेल्यांना तिसऱ्या दिवशी मोड आले, आणि आम्ही चार दिवस उसळ खाल्ली. दुसरी भाजीच नव्हती.

त्या पानावर एकसष्ट नावांपुढे एकेकच टिकली आहे. शेवटी आजीच्या वळणदार अक्षरात: 'बोलावणे झाले. संचारबंदी. गौर उठवली नाही.' गौरीला तृतीयेला निरोप द्यायचा असतो, पण अशा दिवसांत लेकीला वाटेला लावायची नाही, असं तिने ठरवलं. पाळणा पुढे आठ दिवस तसाच टांगलेला होता. शास्त्राला हे चालतं की नाही याची चौकशी तिने केली नाही.

वही उलटी केली की आजोबांच्या बाजूची शेवटची नोंद ६ मे १९७० ची. दोन पेट्या सूत, बाकी रुपये अमुक. त्यापुढे पान कोरं. दुकान पुढे उघडलं, पण नव्या वहीने. त्या जुन्या उधारीतली काही आली, काही बुडाली. बुडालेल्यांतले दोघे-तिघे हातचं सगळं गमावून बसले होते, तेव्हा आजोबा वसुलीला गेले नाहीत. आपण मोठे उदार होतो असं त्यांनी कधी दाखवलंही नाही. 'जाऊन मागणार काय?' एवढंच म्हणायचे.

१९७० नंतर यादीतली घरं गळायला लागली. आधी समासात 'कल्याण' असं लिहिलेलं दिसतं, मग 'डोंबिवली', मग 'ठाणे'. गेलेल्या काहींना दंगलीची भीती होती हे खरं, पण सगळं तिच्यावर ढकलणं सोपं आहे. मुलं मुंबईला नोकऱ्यांना लागली होती आणि कल्याणची लोकल पकडायला भिवंडीहून रोज येणंजाणं परवडत नव्हतं. १९८२ च्या गिरणी संपानंतर यंत्रमाग इतके वाढले की राहत्या वाड्यांत माग आले. ज्या घरात आम्ही बोलावणं करायला जायचो, तिथल्या ओसरीवर चार माग बसलेले मी पाहिले आहेत. १९८४ च्या मे महिन्यात पुन्हा दंगल झाली. त्यानंतरच्या पानांवर समास अपुरा पडू लागला. मग १९८८ मध्ये सुरेश खोपडे नावाचे पोलीस अधिकारी आले, त्यांनी मोहल्ला समित्या केल्या, दोन्हीकडच्या लोकांना एका सतरंजीवर बसवलं, आणि १९९२-९३ मध्ये मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. त्या वर्षी अक्षय्यतृतीयेला वहीत एकोणतीस नावं आहेत. एकोणतीसच्या एकोणतीस बायका आल्या. प्रत्येकीपुढे दोन टिकल्या.

पण तोवर अक्षर बदललं होतं. त्याबद्दल सांगायला हवं.

वहीत काही नावांपुढे टिकली नाही. तिथे 'पो.' असं लिहिलेलं आहे. लहानपणी मला ते पोस्टाचं काहीतरी वाटायचं. 'पो.' म्हणजे पोचते करणे. ज्या बायकांचे नवरे गेलेले, त्यांना बोलावणं नाही. आंबेडाळ आणि पन्हं झाकून त्यांच्या घरी पोचवायचं. तेही आम्हा मुलींचंच काम, पण ते हळदीकुंकू सुरू व्हायच्या आत, मागच्या दाराने. आजी कुणाला विसरली नाही, हे तिच्या बाजूने सांगता येईल. दर वर्षी 'पो.'ची संख्या वाढायची आणि डबे वाढायचे. कुंकवाच्या बाबतीत हिशेब इतका पक्का होता की बाई एका वर्षी टिकलीत असायची आणि पुढच्या वर्षी 'पो.'मध्ये. मधे काय झालं ते वहीत लिहायची गरज नव्हती.

आजोबा १९७४ च्या पावसात गेले. पुढच्या चैत्रात पहिल्यांदा आईने यादी केली. आजी तिच्यामागे बसून एकेक घर सांगत होती, क्रम चुकू देत नव्हती. चैत्रांगणही तिनेच काढलं, धोट्यासकट. संध्याकाळी बायका आल्या तेव्हा ती आतल्या खोलीत दार लोटून बसली. मी पन्ह्याचा पेला घेऊन आत गेले. तिच्यासमोर आळीतल्याच कुठल्याशा घरून सकाळी आलेला डबा होता, फडक्याने बांधलेला, न उघडलेला. डब्याकडे बोट दाखवून ती म्हणाली, 'मी वहीतून डब्यात गेले बघ.' आणि हसली. ती चेष्टा करत होती की काय, ते मला तेव्हा कळलं नाही. बाहेर आई बायकांच्या हातावर अत्तर लावत होती. तिला आतलं सगळं ठाऊक होतं. उंबरठा ओलांडून सासूच्या कपाळाला कुंकू लावावं, असं त्या दिवशी मनात आलं होतं, असं आई मला फार पुढे म्हणाली. 'मग लावलं का नाहीस?' 'साठ बायका बसल्या होत्या,' ती म्हणाली. 'आणि त्यांनाही वाटत असेल तसंच. पण आम्ही सगळ्याजणी एकमेकींना भ्यायलो.'

आजी त्यानंतर बारा वर्षं जगली. बारा वर्षं चैत्रांगण तिने काढलं आणि बारा वर्षं डबे तिला आले.

वडील २००९ मध्ये गेले. पुढच्या चैत्रात काय करायचं, हे आईने कुणाला विचारलं नाही. सकाळी डाळ भिजवली. तेव्हा पाटा मोडीत गेला होता, मिक्सर होता, आणि डाळ भरडच राहावी म्हणून आई बटण दाबून लगेच सोडायची, दाबून सोडायची, डोळ्यांत तेल घालून. पीठ झालं की आंबेडाळीचं पिठलं होतं, असं तिचं मत. कैरी किसून घातली, मीठ-साखर, हिरवी मिरची, वर हिंग-मोहरीची चरचरीत फोडणी आणि दोन सुक्या मिरच्या. मग वही घेऊन बसली आणि यादीतली 'पो.'ची सगळी नावं पुन्हा लिहून काढली, नुसती नावं, खूण न करता. सात होती. सातांना फोन केले. तिघी आल्या. बाकीच्यांपैकी एकीने सांगितलं, आता सवय राहिली नाही गं. टिकलीतल्याही दोन बायका त्या वर्षी आल्या नाहीत, आणि का आल्या नाहीत ते आम्हाला कळायचं ते कळलं. आईने त्यांच्या नावांपुढे एकच टिकली ठेवली आणि त्यांच्या घरी आंबेडाळीचे डबे पाठवले.

२०२२ च्या ४ मे रोजी कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने ठराव केला, की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं गावात बंद. पंधरवड्याच्या आत सरकारने परिपत्रक काढून राज्यातल्या इतर ग्रामपंचायतींना तेच सुचवलं. ठराव झाला त्याच्या आदल्याच दिवशी अक्षय्यतृतीया झाली होती. आई तेव्हा ऐंशीची. पेपर डोळ्यांजवळ धरून तिने ती बातमी दोनदा वाचली. म्हटलं, आता काहीतरी बोलेल. ती म्हणाली, 'गावातल्या पुरुषांनीही हात वर केले असतील नाही? आमच्या वेळी एकानं जरी म्हटलं असतं.' आणि पेपर घडी करून खाली ठेवला.

आता वही माझ्याकडे आहे, डोंबिवलीत. जुनं घर विकलं. तिथे तळाला गाळे आणि वर बिऱ्हाडं आहेत. कैरीवाली मंडईतच बसायची म्हणे शेवटपर्यंत. तिची सून आता पूर्णा-काल्हेर रस्त्याला गोदामांच्या बाहेर पाटी लावते असं ऐकलं, म्हणून मागच्या वर्षी मुद्दाम तिकडे गेले. कैऱ्या घेतल्या, आणि तिला हळदीकुंकवाला बोलावलं. ती माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, 'कवा?' मी तारीख सांगितली. 'शुक्रवारी नाय जमणार, माल येतो,' म्हणाली. मी वहीत तिच्यापुढे एक टिकली दिली आहे.

चैत्रांगण आता सोसायटीच्या जिन्यात, लिफ्टसमोरच्या फरशीवर, खडूने काढते. चिन्हं माझ्याच्याने एकावन्न होत नाहीत. तिशीत थांबते, पण धोटा असतो. मजल्यावरच्या मुली विचारतात, हे बोट आहे का, काकू? हरभरे दीड किलोच भिजवते, तरी उरतात. अक्षय्यतृतीयेला संध्याकाळी सहानंतर कधीही या. फोनवर वेगळं बोलावणं येणार नाही, हेच समजा. आणि येताना एखादी पिशवी आणा, हरभरे बांधून देते.